पेपर अंथरताना येता, काढतानाही या

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: मल्चिंग पेपर आणि शेतातल्या इतर प्लास्टिकमधून माती-पिकात उतरणारी रसायने

सविनय नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातली भाजीपाला करणारी शेतकरी बाई. गेल्या महिन्यात टोमॅटो निघालेल्या रानातली मेथी आम्ही उपटत होतो. एका जुडीची माती झटकताना मुळाशी चंदेरी चिंधी दिसली. ओढली तर सुटेना. मूळ तिला भोक पाडून पलीकडे गेले होते आणि तिथे त्याला केसासारख्या नव्या मुळ्या फुटल्या होत्या. तो मल्चिंग पेपरचा, म्हणजे पिकाच्या बेडवर अंथरायच्या पातळ प्लास्टिकचा, तुकडा होता, आणि गेल्या पिकाचाही नव्हता. गेल्या पिकाला आम्ही काळा पेपर वापरला होता, चंदेरी त्याच्या आधीचा. म्हणजे रोटर, नांगर, दोन पावसाळे हे सगळे सोसून तो तिथेच होता. ती जुडी मी बाजूला ठेवली. बाकीच्या जुड्या त्याच रात्री बाजारात गेल्या.

पहिल्यांदा एक सांगते. मी मल्चिंगच्या विरोधात नाही. नऊ वर्षे आम्ही पेपर अंथरतो आहोत. टोमॅटोला, कलिंगडाला, मिरचीला पेपर आल्यापासून पाणी किती वाचले ते उन्हाळ्यात विहिरीत डोकावले की कळते. खुरपणी जवळजवळ संपली, आणि खुरपणीने मोडणाऱ्या कमरा कोणाच्या होत्या हे मला वेगळे सांगायला नको. महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी तर पेपरावरच वाढते. फळ मातीला टेकत नाही, पेपरला टेकते. हे सगळे सोडून पुन्हा मागे जा असे मी म्हणत नाही. मात्र या पेपरचा अर्धाच हिशेब आपण आजवर लिहिला आहे, उरलेला अर्धा आता लिहायला घ्यावा एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आपल्या योजनेत प्लास्टिक मल्चिंगला अनुदान आहे. अनेक वर्षे हेक्टरी 32,000 रुपये खर्च धरून त्याचे निम्मे, म्हणजे 16,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत मिळत आले. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, पूर्वसंमती आली की पेपर घ्यायचा, जीएसटीचे बिल चढवायचे, मग मोका तपासणी. साहेब येतात, अंथरलेल्या पेपरशेजारी शेतकऱ्याला उभे करून फोटो काढतात, अनुदान खात्यात जमा होते. पद्धत चांगली आहे, त्यामुळे खोटी बिले कमी झाली. पण चार-पाच महिन्यांनी पीक निघते, आणि त्या पेपरचे पुढे काय झाले हे विचारायला कोणीच येत नाही. अर्जात तसा रकाना नाही, पैसे नाहीत, तपासणी नाही. सरकारच्या कागदावर तो पेपर अजून बेडवर अंथरलेलाच आहे.

तो जातो कुठे, ते मी सांगते, कारण काढतो आम्हीच.

टोमॅटोची तारकाठी सोडवली, वेल उपटले की पेपर निघायला हवा. पण तोवर तो उन्हाने कडक झालेला असतो, कडा मातीत गाडलेल्या असतात, जागोजागी तण भोकातून वर येऊन त्याला धरून बसलेले असते. हात घातला की पट्टी निघते, अख्खा पेपर निघत नाही. एका एकराला पाच-सहा बायका दिवसभर लागतात. पीक तोट्यात गेलेले असेल, भाव पडल्यामुळे शेवटचे चार तोडे बांधावर ओतलेले असतील, तर या मजुरीचे पैसे कुठून आणायचे? मग ट्रॅक्टरवाल्याला सांगितले जाते, मार रोटर. रोटर एका तासात चार फुटी पेपरच्या बोटभर चिंध्या करतो, दुसऱ्या पाळीत त्या नखाएवढ्या होतात, आणि त्यानंतर त्या हाताने काढणे कोणाच्याच आवाक्यातले उरत नाही. शेतात प्लास्टिक मुरण्याचे सगळ्यात मोठे कारण शोधायचे असेल तर ते ही रोटरची पहिली पाळी आहे. हे थांबले तर निम्मे काम झाले.

जो पेपर निघतो त्याची गत वेगळी. भंगारवाला ठिबकच्या जुन्या नळ्या किलोवर घेतो, औषधाचे डबे घेतो, पण मल्चिंगला हात लावत नाही. आमच्या दारात येणारा म्हणाला, "ताई, यात प्लास्टिक कमी अन् माती जास्त. धुवायला पाणी कुठून आणू?" त्याचे खरे आहे. पातळ पेपरला चिकटलेली माती पेपरच्याच वजनाइतकी, कधी त्याहून जास्त भरते. मग ढीग बांधावर पडतो. वाऱ्याने तो ओढ्यात जातो, किंवा संध्याकाळी काडी लावली जाते. आणि एक गोष्ट बायकांखेरीज फारसे कोणी बोलत नाही म्हणून लिहिते: पावसाळ्यात ओली लाकडे पेटत नाहीत तेव्हा आंघोळीच्या बंबात, कुठे कुठे चुलीतही, पेटवण म्हणून हाच पेपर जातो. त्या धुरात काजळीबरोबर कर्करोगाशी संबंध असलेली संयुगे असतात. त्या धुरासमोर बसलेली बाई आणि पाठीवर दप्तर घेऊन गरम पाण्याची वाट पाहणारे पोर यांचा विचार कोणत्या योजनेत बसतो ते मला सांगा.

आता थोडा हिशेब. चार फुटी पेपरचे 400 मीटरचे बंडल 25 मायक्रॉन जाडीचे असेल (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तर त्याचे वजन आतली पुठ्ठ्याची नळी सोडून साधारण 11 किलो भरायला हवे. पाच फुटांवर बेड धरले तर एकरात सुमारे 2,700 मीटर पेपर लागतो, म्हणजे जवळजवळ सात बंडले, 75 किलो प्लास्टिक. नीट काढूनही समजा त्यातला दहावा भाग मातीत राहिला, तर एका पिकामागे एकरी साडेसात किलो. चीनमध्ये शेतजमिनीत उरलेल्या फिल्मची, म्हणजे अशा पेपरची, मर्यादा हेक्टरी 75 किलो ठरवलेली आहे. माझ्या या साध्या गणिताने ती मर्यादा चार पिकांत गाठली जाते. आम्ही वर्षाला दोनदा पेपर अंथरतो. आणि रोटर मारलेल्या रानात दहावा भाग उरत नाही, बराचसा पेपरच उरतो.

चीनचे नाव मुद्दाम घेतले. तिथे शिनजियांगच्या कापसाच्या पट्ट्यात चाळीस वर्षे पेपर अंथरल्यावर हेक्टरी 200 किलोच्या वर फिल्म मातीत सापडू लागली. पाणी नीट मुरेना, मुळे आडवी वळू लागली. तिथले लोक त्याला पांढरे प्रदूषण म्हणतात. मग त्यांनी 2017 मध्ये पेपरची किमान जाडी 8 मायक्रॉनवरून 10 मायक्रॉन केली आणि सप्टेंबर 2020 पासून शेतीच्या फिल्मसाठी वेगळे नियम लागू केले, त्यात पेपर परत गोळा करण्याची जबाबदारीही आली. आपला पेपर त्यांच्यापेक्षा जाड आहे. आपल्याकडे हा प्रकारही त्यांच्यानंतर सुरू झाला. म्हणजे आपल्या हातात अजून वेळ आहे, आणि त्यांच्या चुकांतून शिकायला फी पडत नाही.

जाडीचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव लिहिते. तीन वर्षांपूर्वी कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या बंडलावर आणि बिलावर 25 मायक्रॉन लिहिले होते. पेपर हाताला फारच हलका लागला म्हणून क्रेट मोजायच्या काट्यावर ठेवला. आठ किलो. आठ किलो म्हणजे 18 मायक्रॉन. दुकानदार म्हणाला, वरूनच असा येतो. तो पेपर तीन महिन्यांत कुरकुरीत झाला आणि काढताना पिठासारखा हातात आला. अंथरताना एकरी काही शे रुपये वाचले असतील, काढताना त्याच्या कितीतरी पट गेले, आणि जे गेले नाही ते रानात आहे. आपल्याकडे गुणनियंत्रण निरीक्षक आहेत. खताचे, बियाण्याचे, औषधाचे नमुने ते घेतात. पेपरच्या बंडलाचा नमुना का घेत नाहीत? त्याला प्रयोगशाळाही लागत नाही. वजनकाटा आणि मोजपट्टी पुरते. बंडलावर वजन, जाडी, कारखान्याचे नाव, प्लास्टिकच्या कोऱ्या दाण्यापासून केला की जुन्या प्लास्टिकपासून, हे छापणे सक्तीचे करा. शेतकऱ्याने काट्यावर ठेवले की खरे-खोटे कळेल.

जुन्या प्लास्टिकचा मुद्दा रसायनांशी जोडलेला आहे, तो जरा नीट मांडते, कारण या बाबतीत भीतीही फार पसरवली जाते आणि दुर्लक्षही फार होते.

प्लास्टिक म्हणजे नुसती पॉलिथिनची साखळी नव्हे. ते उन्हात टिकावे, मऊ राहावे, काळे किंवा चंदेरी दिसावे म्हणून त्यात अनेक रसायने घातलेली असतात. त्यांतली बरीचशी प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. ऊन, पाणी आणि वेळ मिळाला की ती बाहेर पडतात. सर्वांत जास्त चर्चा होते ती थॅलेट वर्गातल्या रसायनांची, डीईएचपी, डीबीपी वगैरे. ती शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, म्हणून युरोपने त्यांतल्या चारांवर 2020 पासून बहुतेक सगळ्या घरगुती वस्तूंमध्ये कडक मर्यादा घातली. आपल्याकडेही लहान मुलांच्या खेळण्यांत थॅलेट किती चालेल याचे भारतीय मानक आहे. त्याच मुलाच्या ताटातल्या मेथीत किती चालेल, याचा आकडा नाही.

खरे बोलायचे तर, कोऱ्या दाण्याच्या चांगल्या पॉलिथिन पेपरमध्ये थॅलेट घालायची गरजच नसते. ती लागतात मऊ पीव्हीसीला. शेतात मऊ पीव्हीसी म्हणजे गुंडाळून ठेवायचा फ्लॅट पाईप, औषध मारायची नळी. पण पेपर जुन्या मिसळीच्या प्लास्टिकपासून केलेला असेल तर त्यात काय काय आले आहे ते करणाऱ्यालाही माहीत नसते. चीनमध्ये पेपर अंथरलेल्या आणि प्लास्टिकच्या शेडमधल्या रानांत, तिथल्या भाज्यांतही थॅलेट आढळल्याचे अनेक अभ्यास आहेत. पालेभाजी आणि जमिनीखाली वाढणारी पिके यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. आणि हे फक्त माणसापुरते नाही. ब्रिटनमध्ये काही दशकांपूर्वी काचघरांच्या काचा बसवायच्या मऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांतून डीबीपीची वाफ सुटून आतली कोबीवर्गातली रोपे पिवळी पडून मेली होती.

दुसरी गोष्ट अगदी बारीक कणांची. पूर्वी मानत की प्लास्टिकचा कण मुळातून आत जाऊ शकत नाही. 2020 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी गहू आणि लेट्यूसवर दाखवले की जिथे बाजूचे नवे मूळ फुटते तिथे सालीला बारीक चीर पडते, त्या चिरेतून एक मायक्रॉनपेक्षा लहान कण आत शिरतात आणि झाड पाणी वर ओढते त्याबरोबर वर चढतात. 2025 मध्ये आणखी एक अभ्यास आला, हवेतले कण पानांतूनही आत जातात असा. मेथीच्या मुळाने चिंधीला पाडलेले भोक आठवा. चिंधी आत जात नाही, ती बाहेरच राहते. पण ती वर्षानुवर्षे झिजते, आणि तिचा चुरा कुठे जातो हा प्रश्न आता मोकळा सोडता येत नाही. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने मणिपालच्या विद्यापीठाबरोबर कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या मल्चिंगच्या रानांची माती तपासली, तिच्यात हे बारीक कण मिळालेच. अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही 2024 मध्ये लखनौ, कोची आणि पिलानीच्या संस्थांना घेऊन अन्नातल्या सूक्ष्म प्लास्टिकवर काम सुरू केले आहे. म्हणजे ही चर्चा आता येणारच आहे. प्रश्न इतकाच की ती येईल तेव्हा आपल्या कृषी खात्याच्या हातात स्वतःचे आकडे असतील की नाही.

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण द्राक्ष आहे. 2010 साली युरोपात लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. तोवर ते औषध सगळेच वापरत होते, कोणी विचारले नव्हते. त्या एका हंगामात किती बागायतदार कर्जात गेले ते नाशिककडच्या कोणालाही विचारा. उद्या एखाद्या वाहिनीने चार टोमॅटो तपासून "भाजीत प्लास्टिकचे विष" अशी बातमी चालवली तर क्रेटचा भाव रातोरात पडेल, आणि त्यात नीट पेपर काढणारी बाई आणि रोटर मारणारा एकाच दरात विकतील. ते व्हायच्या आधी आपणच तपासा. त्यासाठी नवे काही उभारायलाही नको. पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातली राष्ट्रीय प्रयोगशाळा अंश तपासण्यात देशात नावाजलेली आहे. द्राक्षाच्या प्रत्येक प्लॉटची नोंद ठेवण्याची ग्रेपनेटची पद्धत आपल्याच राज्यात रुळली. दोन हंगाम, चार जिल्हे, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, गाजर. पेपर वापरलेली आणि न वापरलेली राने. माती आणि पीक दोन्ही. एवढा नमुना घ्या आणि निकाल जाहीर करा. निकाल चांगला आला तर आम्ही निर्धास्तपणे विकू. वाईट आला तर सुधारू. न तपासता विकणे मात्र आता जड जाते.

दिलासा देणारी एक गोष्टही आहे, ती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचायला हवी. थॅलेट मातीत कायमचे राहत नाहीत. मातीतले जिवाणू त्यांचे विघटन करतात, काहींचे काही आठवड्यांत तर काहींचे काही महिन्यांत. शेणखत, कंपोस्ट भरपूर असलेल्या जिवंत मातीत हे काम जास्त चांगले चालते आणि रसायन मुळाकडे कमी जाते. पण मातीत चिंध्या पडून राहिल्या तर नवे रसायन झिरपतच राहते. म्हणून आधी चिंध्या काढायच्या, मग खत घालायचे, आणि पेपर काढल्यावर लगेच पालेभाजी न करता एखादे ताग-धैंचाचे हिरवळीचे पीक घ्यायचे. आम्ही या वर्षी अर्ध्या एकरावर ताग केला आहे.

खतावरून आठवले. शहरातल्या कचऱ्याचे कंपोस्ट गावात स्वस्तात येते. आणलेल्या गोणीत शाम्पूच्या पुड्या, पेनाची टोपणे, काचा निघाल्या. खताच्या नियमाने या कंपोस्टचा 90 टक्के भाग 4 मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. पण चाळणीतून बारीक प्लास्टिकही जाते. युरोपमध्ये कंपोस्टच्या किलोमागे 2 मिलिमीटरहून मोठ्या प्लास्टिकला 3 ग्रॅमची मर्यादा आहे आणि जुलै 2026 पासून ती अडीच ग्रॅम ठरवली आहे. आपल्याकडे शहरातला ओला-सुका कचरा नीट वेगळा होत नाही तोवर त्याचा सुका भाग आमच्या वाफ्यात येत राहणार. खतात प्लास्टिक किती चालेल ही मर्यादा घालण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, आणि तोवर अशा कंपोस्टच्या प्रत्येक गाडीचा नमुना तपासावा.

बाजारात "आपोआप विरघळणारा पेपर" म्हणूनही माल येतो. यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत मुद्दाम केली जाते. एक ऑक्सो नावाचा, साध्या पॉलिथिनमध्ये एक रसायन घालून लवकर तुकडे पडावेत असा केलेला. तो विरघळत नाही, बारीक होतो, म्हणजे जे आपल्याला नको आहे तेच लवकर करतो. युरोपने अशा प्लास्टिकच्या वस्तू 2021 पासून बंद केल्या. दुसरा खरा जैवविघटनशील पेपर, पीबीएटी वगैरे जिवाणूंनी कुजणाऱ्या प्लास्टिकचा. त्याच्यासाठी युरोपचे मानक दोन वर्षांत मातीत 90 टक्के विघटन मागते. पण ती चाचणी ओलाव्यात, ठरावीक तापमानात होते. आमच्या काळ्या रानात मार्च ते मे भेगा पडतात, तिथे तो किती दिवसांत कुजतो हे राहुरी, परभणी, अकोला, दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांनी आपापल्या मातीत तपासून सांगावे. तो महाग आहे. खरा ठरला तर अनुदान त्याला जास्त द्या, साध्या पेपरला कमी.

आणि पेपरशिवायचे आच्छादनही आहेच. जुन्नर-शिरूरपासून कोल्हापूरपर्यंत उसाचे पाचट दर हंगामात पेटवले जाते आणि शेजारच्या रानात प्लास्टिक अंथरले जाते. पाचट मिरचीला, वांग्याला, फळबागेला उत्तम चालते. उंदीर, वाळवीची तक्रार असते, हाताने पसरायला मजूर लागतो, हे मान्य. पण प्लास्टिकला हेक्टरी हजारोंचे अनुदान आणि पाचट पसरायला शून्य, मग शेतकरी कोणीकडे जाणार?

कायद्याची एक फटही दाखवते. 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतीवर जबाबदारी टाकली. कचरा परत घेण्याच्या उत्पादकांच्या जबाबदारीचे सविस्तर नियम 2022 मध्ये आले, पण ते प्लास्टिकच्या वेष्टनांपुरते. मल्चिंग पेपर हे वेष्टन नाही, म्हणून तो करणाऱ्या कारखान्यावर परत घेण्याचे बंधन येत नाही. बिस्किटाच्या पुड्याचा माग निघतो, 75 किलोच्या पेपरचा निघत नाही. ब्राझीलने 2000 साली कायदा करून कीटकनाशकांचे रिकामे डबे परत देणे शेतकऱ्यावर आणि परत घेणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आज तिथे बहुतेक सगळे डबे परत येतात. फ्रान्समध्ये 2001 पासून शेतकरी, विक्रेते आणि उत्पादक मिळून शेतातले प्लास्टिक गोळा करतात, त्यात फिल्मही आहे. आपल्याकडे तर जळगावच्या चटया जुन्या प्लास्टिकपासूनच होतात. हा व्यवसाय आपल्याला नवा नाही. पेपर किमान 30 मायक्रॉनचा असला, माती झटकून, वाळवून, घडी करून आला आणि तालुक्याला एक गोळा केंद्र असले तर घेणारा उभा राहील. ठिबकची जाड नळी भंगारवाला घेतोच की.

आपल्याकडे माझी मुख्य मागणी एकच आहे, बाकीचे सगळे तिच्या मागे येईल. अनुदान दोन हप्त्यांत द्या. पहिला पेपर अंथरल्यावर, आजच्यासारखाच. दुसरा पीक निघाल्यावर, पेपर काढून त्याचे वजन गोळा केंद्रावर दिल्याची पावती जोडली की. आणि त्या वेळी दुसरी मोका तपासणी करा, रिकाम्या रानाची. या दुसऱ्या हप्त्यात काढणीची मजुरी धरा. त्यासाठी अनुदान थोडे वाढवावे लागले तरी वाढवा, कारण आज ती मजुरी नाही म्हणूनच रोटर फिरतो. शेतकऱ्याला दंड करू नका. दंडाने पेपर रात्री जळेल. पैसे मिळणार असतील तर तो घडी करून येईल, हे मी माझ्या गावावरून सांगते.

कामाचा भार आपल्या माणसांवर पडेल हेही मला कळते. एका सहायकाकडे किती गावे असतात ते आम्ही बघतो. म्हणून ही जबाबदारी शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि बचत गटांना द्या. आमच्या गटातल्या बायका वजनकाटा, पावतीपुस्तक सांभाळायला तयार आहेत. पेपर काढणाऱ्याही त्याच आहेत.

मेथीची ती जुडी मी वाळवून ठेवली आहे, चिंधीसकट. आणि या हंगामाचा पेपर आम्ही रोटर न मारता काढला. दोन दिवस गेले. झटकून, उन्हात वाळवून, सुतळीने बांधून गोठ्यामागच्या पत्र्याखाली रचला आहे. मातीसकट 64 किलो भरला. पाऊस आला की पत्रा गळतो, त्यामुळे फार दिवस तो तिथे ठेवता येणार नाही. तो कुठे नेऊन द्यायचा, एवढे आधी कळवावे. टेम्पोचे भाडे आम्ही देऊ.

आपली,
भाजीपाला उत्पादक शेतकरी आणि बचत गटाची सदस्य,
ता. जुन्नर, जि. पुणे